विरजणाची वेळ

बुधवार, ४ फेब्रुवारी
डी.ई. ची (डिफरन्शियल इक्वेशन्स, गणितातली) चाचणी. २० पैकी ४. बारावीनंतर लग्न, मग अकरा वर्षांनी पुन्हा कॉलेज, आणि हे! वर्गातली पोरं-पोरी एकोणीस-वीसची, मला ताई म्हणतात. पेपर हातात आल्यावर सगळ्यांनी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. चांगली आहेत बिचारी.
तास संपल्यावर खरात सर हळूच म्हणाले, "ताई, विषय बदलायला मंगळवारपर्यंत मुदत आहे. विचार करा."
बारामतीहून शेळगावपर्यंत एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले. ह्यांना सांगितलं नाही. आत्यांना (सासूला मी पहिल्यापासून आत्याच म्हणते) तर नाहीच.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
आज कळलं!!
सर म्हणाले, गरम वस्तू आणि खोली यांच्यात जेवढा फरक, तेवढ्या वेगानं ती निवते. फरक कमी झाला की निवणंही मंदावतं. एवढंच डी.ई. आणि मी इतके दिवस प्रत्येक गणितात एक आकडा शोधत बसले होते. उत्तर आकडा नसतोच! उत्तर म्हणजे अख्खी चाल. कुठल्या मिनिटाला कुठं, सगळं एका ओळीत.
मग एकदम आत्या आठवल्या. रोज संध्याकाळी तापवलेल्या दुधात बोट बुडवतात न् म्हणतात, "आता लाव विरजण." बोट काय मोजतं? तेच की!
परतताना जंक्शन गावाला बस बदलायची राहूनच जात होती.

शनिवार, ७ फेब्रुवारी
काल सरांकडून लॅबचा थर्मामीटर मागून आणला. आत्यांचं बोट "आता" म्हणालं तेव्हा दूध बरोबर ४० अंशांवर होतं.
आज खरा प्रयोग. खोली ३०. ५.१० ला दूध ८०, दहा मिनिटांनी ७०. म्हणजे फरक ५० चा ४० झाला. वहीत सोडवलं : ४० ला यायला ७२ मिनिटं. ६.२२!
आत्या बघतच राहिल्या. "दुधाला ताप आलाय व्हय?"
"आत्या, सहा बावीसला विरजण लावायचं. मी सांगते."
६.२२ ला त्यांनी बोट घातलं. "ऊन हाय अजून. थांब." थर्मामीटर : ४३. शेवटी ६.४० ला लावलं.
१८ मिनिटांनी चुकले. पण रडू आलं नाही, उलट चैनच पडेना. गणित तीनदा तपासलं, बरोबर आहे. मग चूक कुठं...

रविवार, ८ फेब्रुवारी
चूक आत्यांनी सांगितली. भाकरी थापता थापता, वर न बघता :
"अगं, पयल्यांदा वाफ जाती. साय धरली की दूध आतल्या आत ऊब धरून बसतं. मग न्हाय निवत लवकर."
साय! निवण्याचा आकडा मी वाफेच्या वेळचा घेतला आणि सायीनंतरही तोच चालवला. आज साय धरेपर्यंत थांबले. ६० पासून सुरुवात, दहा मिनिटांनी ५५.५. फरक ३० चा २५.५. उत्तर ६८ मिनिटं.
आत्यांचं बोट ६६ व्या मिनिटाला!
मी ओरडलेच. हे गोठ्यातून धावत आले, काय झालं म्हणून. मग ४ मार्कांचंही न् विषय बदलायचंही सांगून टाकलं. आत्या म्हणाल्या, "चार तर चार. विषय कशाला सोडायचा? आत्ता तर कुठं जमाय लागलंय."

मंगळवार, १० फेब्रुवारी
विषय बदलला नाही. अर्ज पर्समध्येच, चुरगळलेला. सरांना वही दाखवली. सायीपाशी ते थांबले, परत वाचलं. "हे कुणी सांगितलं?"
"सासूबाईंनी."
"वर्गाला सांगा. आत्ता."
फळ्यावर पहिलं समीकरण दोनदा पुसलं. पण एकदा साय आली न् मग बोलतच सुटले. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "ताई, परत एकदा सांगा ना!"

सोमवार, १६ फेब्रुवारी
दुसरी चाचणी झाली. पाचातली चार सोडवली, पाचवं अर्ध्यात राहिलं. चौथ्यात चिन्ह चुकलं का काय... निकाल उद्या. सर वर्गात फिरताना माझ्या बाकापाशी थांबले, पेपर बघितला न् पुढं गेले. ह्याचा अर्थ काय घ्यायचा?
घरी आले तर उद्या पाहुणे येणार म्हणून मोठं पातेलं काढलेलं. आत्या आज स्वतःहून म्हणाल्या, "ह्यात दुप्पट दूध मावतंय. किती मिनिटं लागतील, काढ की."
मी म्हणाले, तीच, ६८.
"दुप्पट दूध न् तेवढ्याच वेळात निवंल? येडी का काय!"
खरंच की. माझ्या समीकरणात दूध किती हे कुठंच नाही. ते k मध्ये, म्हणजे निवण्याच्या आकड्यात असणार. पण कसं? दुधाबरोबर पातेलंही रुंद झालंय...
आत्या उत्तराची वाट बघत दारात उभ्या आहेत, मी वहीत.