डोळ्याच्या वरची जागा

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. त्यामुळे मी बी.एस्सी. झाले हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि भेस्तानच्या कारखान्यात मी काय काम करते तेही नाही. आम्ही मागासाठी विजेचा डोळा बनवतो. एका बाजूला दिवा, समोर काचेमागे हा डोळा. धागा तुटून मध्ये आला की उजेड अडतो आणि माग आपोआप थांबतो. अशी उपकरणं बाहेरून येतात. ती सुरतेत, आपल्या माणसांच्या हातून व्हावीत असं मला कॉलेजपासून वाटायचं. आमचे शेठ मागाचे सुटे भाग करायचे. मी मागेच लागले म्हणून त्यांनी एक खोली दिली, आणि आपल्या चाळीतल्या तिघींना मी जोडकाम शिकवलं. पण दसऱ्याला गिऱ्हाईक येईल, त्यानं ऑर्डर दिली नाही तर खोली बंद, हेही शेठनी सांगून टाकलं होतं.

खंडेनवमीला तुम्ही मला तुमच्या कारखान्यात न्यायचात. तुम्ही माग पुसताय, मी कुंकवाची वाटी धरून उभी आहे. लोखंडाला यातलं काय कळतं, असं मी विचारते. तुम्ही वर न बघता म्हणता, "त्याले नही समजस. आपले समजस ना?"

यंदा आमच्या खोलीतही पूजा झाली. तुमच्या शेजारच्या मागावर जे काका होते, त्यांची बायको माझ्याकडे कामाला आहे. मावशी उपकरणाला सगळीकडून निरखत राहिली. "यानं कपाय कोठे शे व माय?" मग तिनंच ठरवलं, डोळा आहे तर कपाळ त्याच्या वरच असणार, आणि तिथं ठसठशीत कुंकू लावलं.

दसऱ्याला गिऱ्हाइकासमोर माग सुरू केला की थांबायचा. धागा एकही तुटलेला नाही. शेठ हळूच म्हणाले, "बेन, काल तो चालतुं हतुं." मी वाकून पाहिलं. मागाच्या हादऱ्यानं कुंकू झडून काचेवर बसलं होतं. पदरानं पुसलं, माग चालू लागला. शेठ मावशीवर भडकले, आजपासून यंत्राला कुंकू लावायचं नाही म्हणाले. मावशी खाली बघत होती. मी म्हटलं, "शेठ, पूजा तर प्रत्येक कारखान्यात होणार. काचेवर झाकण आपणच करायला हवं." गिऱ्हाईक हसला. त्याच्याकडेही पूजा व्हायची म्हणे. झाकण बसवून द्या, थोडे नग लावून बघतो, असं सांगून गेला.

खोली चालू आहे. झाकणाचं चित्र मी काढलं. वरच्या बाजूला बोटाएवढी सपाट जागा सोडली आहे. ती कशाला, असं शेठनी विचारलं, तेव्हा मी पकडायला म्हणून सांगितलं. खरं कारण तुमच्याशिवाय कोणाला सांगायचं? आणि हे पत्र तर माझ्या टेबलाच्या खणातच राहणार आहे.