हिरव्या लेबलावरचं शून्य

मॅडम, जे तुम्हाला विचारायचं आहे ते इथं सगळ्यांना विचारून झालं. प्रत्येकाचं उत्तर आपापल्या जागी बरोबर वाटतं आणि माझा गोंधळ मात्र तसाच राहतो. तुम्ही गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तुमच्या खुर्चीवर मी बसते. कंपनी अजून ब्रेकचेच पार्ट बनवते, शेड वाढल्या आहेत, निघोज्याच्या रस्त्यावर कंटेनर वाढले आहेत, आणि तुम्ही लिहिलेल्या स्क्रिप्ट अजून चालतात. पीस लीक टेस्टच्या मशीनवरून उतरला, की त्याच्या गळतीचं रीडिंग डेटाबेसमध्ये जातं. डिस्पॅचला त्याचा बारकोड वाचला, की तुमची स्क्रिप्ट ते रीडिंग शोधते, मर्यादेत असेल तर हिरवं लेबल छापते, नाहीतर लाल दिवा लावते. तुम्ही बसवलंत तसंच.

मागच्या महिन्यात कंपनीनं डेटाबेस बदलला. नव्या डेटाबेसशी बोलायला डेटाबेसवाल्यांनी दिलेला ड्रायव्हर जावा भाषेतला निघाला, आणि तुमच्या स्क्रिप्ट पर्ल भाषेतल्या. पर्लला तो थेट वापरता येत नाही. सगळं नव्यानं लिहायला वेळ नव्हता, म्हणून मी दोघांच्या मध्ये एक प्रॉक्सी बसवली, म्हणजे जावात चालणारा, बाहेरून तयार आणलेला एक छोटा प्रोग्रॅम. स्क्रिप्ट आपला प्रश्न त्याच्याकडे देते, तो जावाच्या ड्रायव्हरमधून डेटाबेसला विचारतो आणि उत्तर आणून स्क्रिप्टला देतो. स्क्रिप्टला काही बदलल्याचं कळतही नाही. तुमच्या कोडमधली फक्त जोडणीची ओळ मला बदलावी लागली. ती बदलताना उगाचच मागे वळून पाहिलं. मागे एसी होता, दुसरं कुणी नाही.

त्या एसीवरून आठवलं. मी नवीन होते आणि सर्व्हरच्या खोलीत पाय गारठून बसायची, तेव्हा तुम्ही घरून लोकरीचे मोजे आणून माझ्या कीबोर्डवर ठेवले होतेत. मोजे पुरुषी, तपकिरी, टाचेला रफू केलेले. कुणाचे ते विचारायचा धीर मला झाला नाही. पुढे एका रविवारी तुम्ही चिंचवडच्या घरी जेवायला बोलावलंत. तुमचं स्वयंपाकघर इतकं चिंचोळं, की तुम्ही भाकरी थापताय आणि मी दाराच्या चौकटीत उभी राहून शेंगदाणे सोलतेय. आतल्या खोलीत तुमचे वडील झोपलेले आहेत, त्यांच्याशी तुम्ही लातूरकडचं बोलता, माझ्याशी ऑफिसमधलं, आणि मधूनच तुमची गल्लत होते. मला तेव्हा वाटलं, ह्यांच्याकडून ओरडा खाल्लेला परवडेल. तो लगेच पुढच्या आठवड्यात मिळाला.

पण आधी त्या दिवसाचं सांगते. नवी जोडणी सुरू झाली त्या दिवशी दुपारपर्यंत एकही तक्रार आली नाही. मी जरा खुशीत होते. जेवण झाल्यावर वर न जाता डिस्पॅचला गेले. कारण काही नव्हतं, लेबलं छापताना बघायची होती. प्रिंटरमधून हिरवं लेबल बाहेर आलं. पीसचा नंबर, वेळ, आणि रीडिंगच्या जागी शून्य. मला आनंद झाला, खरंच झाला. गळती शून्य म्हणजे पीस अगदी उत्तम. पुढच्यावरही शून्य. त्याच्या पुढच्यावरही. अख्खा ट्रे शून्य. इतक्या वर्षांत असा ट्रे मी पाहिला नव्हता, थोडीफार गळती प्रत्येक पीसची दिसतेच. मी तिथं उभी राहिले आणि तुमचा आवाज ऐकू आला.

तो ओरडा. मी साठ्याचा रिपोर्ट बनवला होता आणि जिथं टाकीच्या गेजचं माप आलेलंच नव्हतं तिथं शून्य भरलं होतं, रकाने नीट दिसावेत म्हणून. तुम्ही तो सगळ्यांसमोर उचललात. 'हे शून्य कुणी मोजलं?' मी म्हटलं, कुणी नाही. 'मग लिहायलीस कशाला? शून्य म्हणजे मोजून आलेलं माप. हे तर मोजलेलंच नाही.' मी मान खाली घातली आणि मनात म्हटलं, एवढ्याशासाठी एवढं.

डिस्पॅचचे इन्चार्ज निघोज्याचेच आहेत, तुमच्यानंतर आलेले. मी त्यांना विचारलं, ह्या मशीनचा सकाळचा माल कुठाय. ते म्हणाले, गाडी भरून गेली की मगाशीच. मी त्यांना प्लँट हेडना बोलवायला सांगितलं. सर खाली आले, लेबलं पाहिली आणि शांतपणे विचारलं, नक्की काय चुकलंय. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, गाडी वेळेत पोचली नाही तर गिऱ्हाइकाची लाइन बंद पडेल, त्यांना मी काय कारण देऊ. त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडे कारण नव्हतं. चूक मशीनची, डेटाबेसची, प्रॉक्सीची, की तुमची, मला काहीच सांगता येत नव्हतं.

"सर, हे पीस मोजलेत की नाही, तेच मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "गाडी परत बोलवा."

सर इन्चार्जना म्हणाले, बोलवा. इन्चार्जनी गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावला. "चाकणच्या चौकात अडकलाय," ते म्हणाले, "अजून फुडं गेला न्हाई." त्या चौकातल्या ट्रॅफिकला मी रोज शिव्या देते. गाडी वळून परत यायलाही संध्याकाळ झाली, आणि तोवर गिऱ्हाइकाचे फोन सर एकटे घेत होते.

कारण मला दुसऱ्या दिवशी सापडलं. मशीनची डेटा केबल सकाळपासून सैल होती, त्यामुळे पीसची नोंद व्हायची पण रीडिंग यायचं नाही. डेटाबेस म्हणत होता, इथं काहीच नाही. प्रॉक्सी ते 'काहीच नाही' स्क्रिप्टला देताना त्याची रिकामी ओळ करायची. तुमची स्क्रिप्ट विचारायची, उत्तर आलं का? आलं होतं, रिकामं का असेना. मग ती त्या रिकाम्याचा आकडा करायची, तो व्हायचा शून्य, आणि शून्य मर्यादेत बसतं. प्रॉक्सीतलं एक सेटिंग बदललं आणि लाल दिवे लागायला लागले. केबल बसवली आणि पुन्हा नेहमीची रीडिंग दिसू लागली.

पण चूक कुणाची, मॅडम? डेटाबेसवाले म्हणतात, आम्ही बरोबर पाठवलं. प्रॉक्सीवाले म्हणतात, आमचं हे ठरलेलं वागणं आहे आणि माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे. आहे लिहिलेलं, मी नंतर वाचलं. मीटिंगमध्ये सर म्हणाले, जुना कोड आहे, असं होणारच. मला तुमच्या बाजूनं बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि बोलले भलतंच, की प्रॉक्सी मी बसवली. मग घरी जाताना बसमध्ये तुमचाच राग आला. ज्या बाईनं मला मोजलेलं आणि न मोजलेलं ह्यातला फरक सगळ्यांसमोर शिकवला, तिनं रिकामं उत्तर आलं तर काय करायचं हे का लिहून ठेवलं नाही? तुमच्या वेळी तसं उत्तर येऊच शकत नव्हतं, 'काहीच नाही' हे तसंच यायचं आणि लाल दिवा लागायचा, हेही मला कळतं. तरी राग आला. आता तुमची स्क्रिप्ट 'उत्तर आलं का' असं विचारते, तिथं मी एक ओळ घालू का? घातली तर ती दुरुस्ती होईल की तुमच्या कामावर शेरा? फाइल उघडते, बघत बसते, बंद करते.

परत आलेले सगळे पीस पुन्हा टेस्टला लावले. मी मशीनपाशी उभी होते, सर होते, इन्चार्ज होते. एकेक पीस चढत होता, उतरत होता. सगळे चांगले निघाले. एकही गळका नव्हता. सर म्हणाले, बरं झालं, आणि त्यांच्या आवाजात कुठंही टोमणा नव्हता. मीही बरं झालं म्हटलं.

कुणाच्या तरी दुचाकीला बसणारे ब्रेक होते ते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी तिथं उभी असताना, शेवटच्या ट्रेपर्यंत, एक तरी पीस गळका निघावा असं मला वाटत होतं. हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही. तुम्ही असतात तर तुमच्याजवळही बोलले नसते.