काळे दाणे

आबा, आज वर्गात बुरशीची पेशीभित्ती शिकवली आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. शिकवताना आवाज कुठं अडकला नाही. बहुतेक म्हणूनच बसलो.

सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागं हिंडताना तुमच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. पुढं पाय सुजला, घोट्याखाली भोकं पडली आणि त्यातून खसखशीएवढे काळे दाणे यायला लागले. गावाकडच्या डॉक्टरांनी पेनिसिलिन टोचून पाहिलं, उतार पडला नाही. मी तेव्हा सोलापुरात कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होतो, म्हणून तुम्हाला इथल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. शेजारच्या खाटेवर मंगळवेढ्याचा एक शेतकरी होता. तसाच काटा, तसाच पाय, फक्त त्याचे दाणे पिवळट. तो औषधांनी चालायला लागला आणि तुम्हाला मात्र पाय काढावा लागेल म्हणाले. तुम्ही कागदावर अंगठा उठवायला तयार नव्हता. त्याला औषध लागू पडतं आणि मला का नाही, हे तुझ्या मास्तरला विचारून ये, असं मला सांगितलंत.

सरांनी मला प्रयोगशाळेत स्टुलावर बसवलं. म्हणाले, त्या माणसाच्या पायातला जीव बुरशीसारखा तंतूंचा दिसतो, पण त्याची भिंत साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची आहे. म्हणजे तो जिवाणू. जिवाणूंवरची औषधं त्याला चालतात. तुमच्या पायात खरी बुरशी. तिच्या भिंतीत कायटिन, किड्याच्या कवचात असतं तेच. पेनिसिलिन जिवाणूला त्याची जाळी विणू देत नाही. इथं ती जाळीच नाही, तर ते अडवणार काय? बुरशीवर चालेल असं औषध तेव्हा हाताशी नव्हतं.

मी खाटेशेजारी उभा राहून हे तुम्हाला सांगतो आहे, तोंडी परीक्षेत सांगावं तसं. तुम्ही मधेच झाडाचं विचारता. झाडाच्या पेशीलाही भिंत असते, कापसाचा धागा ज्याचा असतो त्याचीच, असं मी सांगतो.

"आन् माणसाला?"

"माणसाला भिंत नसते आबा. मेंढरालाबी नसते. नुसता पातळ पडदा."

तुम्ही सुजलेल्या पायाकडं बोट केलंत.

"म्हंजी त्येला भित हाय आन् मला न्हाय," म्हणालात. "मग कापा की."

दुसऱ्या दिवशी पाय गेला. नंतरची वर्षं तुम्ही कुबडी टेकवून दारात बसायचात आणि मेंढरं चुलते न्यायचे. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विषय काढला नाही. तुम्ही गेलात ते पुढं छातीच्या दुखण्यानं. तेव्हाही मला रडू आलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो. पाय काढायला तुम्हाला आत नेलं, तेव्हा मी व्हरांड्यात बसून आईनं दिलेलं फडकं सोडलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. सगळी खाल्ली, तुमच्या वाटणीचीसुद्धा. चव चांगली लागत होती.