गाडीपर्यंत आलेलं पाणी

सावेडी, अहिल्यानगर

तीर्थस्वरूप गहिनीदादास,

धाकट्या अश्विनीचा वाकून नमस्कार. वहिनीची पाठ आता बरी असेल, उसाचं पाणीही उरकलं असेल. आम्ही तिघं सुखरूप आहोत. (हा शब्द मी दोनदा खोडून मग ठेवलाय.)

काल यांनी तुझी गाडी देवळालीला आणून दिली आणि चहासुद्धा न घेता एसटीनं परत आले, तेव्हाच तुला शंका आली असेल. गाडी देताना तू एवढंच म्हणाला होतास, "आशे, सीटचं प्लास्टिकपण अजून काढलं नाही, सांभाळ." फोनवर सांगायचं धाडस होत नाही, म्हणून लिहिते.

सासूबाईंना (वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले) एकदा समुद्र बघायचा होता. दिवेआगरला मुक्काम करून सकाळी श्रीवर्धनकडे निघालो. तो रस्ता समुद्राच्या कडेकडेनं जातो असं सगळे कौतुकानं सांगतात. कडेकडेनं म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला काहीच नाही, आणि ते 'काहीच नाही' नेमकं माझ्या खिडकीबाहेर. हे समुद्र बघत गाडी चालवत होते आणि यांच्या मागे बसून रस्ता मी बघत होते. वळण आलं की मी नसलेला ब्रेक दाबायचे. त्यातच चपलेचा अंगठा तुटला. मग मी डोळेच मिटून घेतले. पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "आगं, डोळं मिटूनच बघायचं हुतं तर पारनेरातनंच दिसलं आसतं की!"

पुढे रस्ता उतरला आणि खाली मोकळी, सपाट, घट्ट वाळू दिसली. आता यांचं गाव पारनेर. तिकडे नदी म्हणजे बाजाराच्या दिवशी टेम्पो लावायची जागा. यांनी सवयीनं गाडी थेट खाली घातली, पाण्यापासून चांगली लांब. सासूबाई गाडीतच पेंगत राहिल्या. आम्ही दोघं सुरूच्या झाडाखाली भाकरी-ठेचा सोडून बसलो. दुसरी भाकरी घेताना मी मान वर केली, तर पाणी गाडीच्या चाकाशी! हे म्हणाले, "वरून धरणाचं आवर्तन सोडलं का काय?" (आपल्या लोकांना दुसरं काय सुचणार? पाणी येतं ते कुणीतरी सोडल्यावरच.)

दादा, मी अनवाणी धावले. चाकं वाळूत रुतलेली. सासूबाई दार उघडून, पाय पाण्यात सोडून बसलेल्या, लुगडं पोटरीपर्यंत भिजलेलं. मी हात धरून ओढलं, तर उठेनात. म्हणाल्या, "जल्मभर मी पान्याकडं गेले. आज पानी माज्याकडं आलंय. बसू दी की वाईच."

मी तिथंच, पोटरीभर पाण्यात, त्यांचा हात धरून उभी राहिले. रडत होते की ओरडत होते, आठवत नाही. खरं सांगते, त्या वेळी तुझी गाडी मला आठवलीसुद्धा नाही.

मग हे आणि मी दोघांनी त्यांना हाताची खुर्ची करून वर आणलं. एका मासेवाल्यानं ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. जाताना तो समुद्राकडे हात करून यांना शांतपणे म्हणाला, "काका, हा दिवसातनं दोनदा येतो. कुणाला विचारत नाही."

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अश्विनी

ता. क. पाणी दाराच्या खालच्या कडेलाच थांबलं, आत आलं नाही. गाडी खालून-वरून तीनदा गोड्या पाण्यानं धुतली आहे.

ता. क. २ : मग पुढची सीट ओली का, असं विचारशील. ते समुद्रानं नाही, सासूबाईंनी केलं. परत येताना त्या पाच लिटरचा कॅन समुद्राच्या पाण्यानं भरून मांडीवर घेऊन बसल्या आणि झाकण सैल होतं. (तुझं प्लास्टिक कामी आलं. आता काढू नकोस.) तो निळा कॅन डिकीत राहिलाय. ओतू नकोस, आणि वहिनीला तुळशीला घालू देऊ नकोस. "एवढं पानी आन् घोटभर पिता येत न्हाई" हे सासूबाईंना त्यांच्या मैत्रिणीला, रंगुबाईंना, चाखवून पटवायचंय.

ता. क. ३ : कॅन आता ओतलास तरी चालेल. रंगुबाईंचा आत्ताच फोन आला. म्हणाल्या, "कॅनात मीठ काय, कुनीबी टाकील." तेव्हा दिवाळीनंतर दोन दिवस गाडी मिळेल का? यावेळी रंगुबाईंना धरून चौघं जाऊ. मी डोळे उघडे ठेवीन.