क्लचवरचे ठोकळे

एल्क प्रेअरी, आयोवा
२ जून १९९७

चि. आर्डिस हीस,

मार्लिसवहिनीचे अनेक आशीर्वाद. साठीला आलेल्या नणंदेला ‘चि.’ लिहिताना हसू येतं, पण शेंडेफळ ते शेंडेफळच.

माझे गुडघे कुरकुरतात, टोमॅटो जोरात आहेत, आणि चर्चमधल्या बायका नेहमीसारख्या गोड बोलून कोपराने ढोसतात. आता खरी बातमी. शेत विकलं तेव्हा घरामागच्या झाडीत मामंजींचा दुधाचा ट्रक पडला होता ना, तो क्लोस्टरमन मेकॅनिकने नेला होता. त्याच्या हौद्यातून एल्मचं झाड उगवलेलं. ते कापून काढून, पत्रा ठोकून ठोकून त्याने दोन वर्षांत तो ट्रक उभा केला. सत्तेचाळीस सालचा तोच आपला हिरवा इंटरनॅशनल. दारावर पुन्हा ‘निल्स टोलेफसन, दूध’ अशी अक्षरंही काढलीत. नऊ ऑगस्टला जत्रेच्या मैदानावर जुन्या ट्रकांचं प्रदर्शन आहे आणि दुपारी मिरवणूक. घरच्या कुणीतरी ट्रकात बसावं, असा क्लोस्टरमनचा आग्रह आहे. तू ये. एक्केचाळीस वर्षं झाली गाव सोडून, आता काय पाय झिजणार आहेत?

मिरवणूक संपली की जिल्ह्यातल्या गेलेल्या ड्रायव्हरांची नावं वाचतात. एकेक नाव, आणि त्यावर एक भोंगा. चौदा वर्षं मी तिथे उभी राहते आणि चौदा वर्षं माझ्या नवऱ्याचं, ऑर्लिनचं नाव येत नाही. यंदा पुन्हा समितीच्या हॅरल्ड ब्रुन्सला विचारलं. तो टोपी काढून म्हणाला की, मार्लिसबाई, राग मानू नका, पण पिऊन रुळांवर ट्रक उभा करणाऱ्याचं नाव घेतलं तर बाकीच्यांच्या घरच्यांना काय वाटेल. ऑर्लिन त्या दिवशी प्यायला नव्हता हे मी सांगून थकले. पण शेरीफने तेव्हाच लिहून ठेवलंय की, रोज तिथून जाणारा माणूस शुद्धीत असता तर तिथे अडकलाच नसता.

एक गंमत. क्लोस्टरमनला क्लच आणि ब्रेकवर लाकडाचे ठोकळे स्क्रूने बसवलेले सापडले. मामंजी सहा फूट, आणि ऑर्लिन त्यांच्याहून दोन बोटं उंच. मग एवढे आखूड पाय कुणाचे?

येताना माझा लेफ्साच्या पोळ्या लाटायचा पोळपाटही घेऊन ये. छप्पनच्या सप्टेंबरात तो तूच हरवलास, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

लोभ आहे म्हणूनच बोलते.
तुझी, मार्लिसवहिनी

टकोमा, वॉशिंग्टन
११ जून १९९७

ती. मार्लिसवहिनीस,

आर्डिसचा नमस्कार. पत्र पोचलं. इथे पाऊस आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

मला यायला जमेलसं वाटत नाही. कंबर धरलीय, शिवाय मांजर कुणाकडे ठेवायचं? ठोकळ्यांचं म्हणशील तर बाबांकडे एक बुटका गडी होता, त्याचे असतील. तू लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. ते काढून टाकायला सांग. जुनं लाकूड कुजकं असतं, पाय घसरतो.

आणि वहिनी, मिरवणूक कुठून जाणार आहे? त्या रुळांवरून नको. क्लोस्टरमनला म्हणावं, शाळेवरून वळसा घे.

पोळपाटाचं तू अजून विसरत नाहीस. धन्य आहे तुझी!

आहे तो लोभ राहू दे.
आर्डिस

एल्क प्रेअरी
२४ जून १९९७

चि. आर्डिस हीस अनेक आशीर्वाद.

बुटका गडी! अगं, मामंजींनी आपल्या ट्रकचं चाक साक्षात देवाच्याही हाती दिलं नसतं. बाईमाणसाने तर त्या ट्रकच्या पायरीवरही पाय ठेवायचा नाही, असा त्यांचा कायदा. तू थापा पहिल्यापासून वाईट मारतेस. पण ते राहू दे, मला दुसरंच सांगायचंय.

क्लोस्टरमनने ठोकळे काढले आणि कॉफीच्या डब्यात टाकून शेडला कुलूप लावलं. सकाळी पाहतो तर ठोकळे पेडलांवर, स्क्रू पिळून घट्ट. त्याला वाटलं, पोरांनी चेष्टा केली. पुन्हा काढले, डबा घरी नेऊन फ्रिजवर ठेवला. सकाळी डबा रिकामा, ठोकळे पेडलांवर. हे सांगताना तो हसत होता, पण हातातला कप काही खाली ठेवत नव्हता.

मंगळवारी भर दुपारी तो ट्रक चालवून बघायला निघाला आणि त्याच रुळांवरून गेला. आता तिथे आगगाडी येत नाही, रुळांत गवत माजलंय. ट्रक रुळांवर चढला आणि त्याच्या बाजूचं दार आपोआप उघडलं. मग उजव्या खांद्यावर कुणीतरी ढकललं. लोखंडी स्टोव्ह एकट्याने उचलून ठेवेल असा गडी, चाकाला लोंबकळला म्हणून वाचला. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं. म्हणाला की, मार्लिसबाई, ढकलण्यात दुष्टपणा नव्हता, घाई होती.

त्यालाच का ढकललं असेल, कोण जाणे. ऑर्लिन तर चाकामागेच सापडला होता. दाराशी हात नव्हता त्याचा. तुझा भाऊ उमदा होता गं. मक्याच्या यंत्राने डाव्या हाताचं अंगठीचं बोट अर्धं नेलं, तर म्हणाला, बरं झालं, हातमोजा स्वस्तात पडेल.

पत्राचं उत्तर लवकर दे. घरात एकटीने हे वागवायला जड जातंय.
तुझी, मार्लिसवहिनी

टकोमा
१ जुलै १९९७

ती. वहिनीस नमस्कार.

तू त्या ट्रकात बसू नकोस. मी तुझ्या पाया पडते. क्लोस्टरमनला सांग, तो पुन्हा झाडीत नेऊन टाक. बाबांनी उगाच टाकला नव्हता तिथे.

अधिक लिहवत नाही. रागावू नकोस.
आर्डिस

एल्क प्रेअरी
१० जुलै १९९७

आर्डिस,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते गृहीत धर.

काल मी स्वतः शेडमध्ये गेले. क्लोस्टरमनने दिवा धरला आणि मी वाकून, गुडघ्यांच्या नावाने ओरडत, ते ठोकळे पाहिले. मग त्याला ते काढायला लावले आणि उलटे केले. मॅपलचं लाकूड. एकाच्या पाठीवर डागलेल्या फुलाच्या तीन पाकळ्या, दुसऱ्याच्या पाठीवर दोन. माझ्या आईने माझ्या लग्नाआधी तापलेल्या सळईने पोळपाटाच्या मागे पाच पाकळ्यांचं फूल डागलं होतं. मी दोन्ही ठोकळे जोडून धरले आणि फूल पुरं झालं.

म्हणजे हे ठोकळे छप्पनच्या सप्टेंबरातले. तुझ्या बुटक्या गड्याच्या काळातले नव्हेत. पोळपाट कापणारा माझ्याच घरातला होता. आणि आमच्या घरात पाच फुटांच्या आतलं माणूस एकच होतं.

आर्डिस, त्या दिवशी ट्रक चालवत कोण होतं?

मार्लिस

टकोमा
१८ जुलै १९९७

ती. मार्लिसवहिनीस,

आर्डिसचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार रीत म्हणून नाही.

मी चालवत होते.

मला ट्रक चालवायचा होता आणि बाबा पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. दादाला मी पिडून पिडून हैराण केलं. शेवटी तो म्हणाला की, बरं बये, पण पाय तर पुरायला हवेत. तुझा पोळपाट त्यानेच कापला. म्हणाला, मार्लिसला नाताळात नवा आणून देऊ, तोवर गप्प बस. महिनाभर डेअरीत कॅन उतरवले की परतीच्या रस्त्यावर तो मला चाक देत असे. चांगली शिकले होते मी, वहिनी.

त्या दिवशी रुळांवर चढताना माझा पाय ठोकळ्यावरून सटकला. क्लच सुटला, एक हिसका बसला आणि इंजिन बंद. आगगाडी वळणावर दिसत होती. मी चाक घट्ट धरून बसले, हात सुटेनात. दादाच्या बाजूचं दार त्याच्या हाताशी होतं. त्याला सहज उतरता आलं असतं. त्याने माझ्या अंगावरून वाकून माझं दार उघडलं, मला खांद्याला धरून बाहेर ढकललं, आणि स्वतः चाकामागे सरकला. मला वाटतं, बाबांचा ट्रक वाचवावा असं त्याला वाटलं. मी गवतात पडले, उठले आणि पळाले. मक्यातून घरापर्यंत पळाले. आवाज झाला तेव्हा मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाबांनी माझे फुटलेले गुडघे पाहिले. काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी मला पश्चिमेच्या बसमध्ये बसवलं. ट्रक भंगारात दिला असता तर कुणीतरी पेडल पाहिले असते. म्हणून तो झाडीत. दादा प्यायला होता असं लोक बोलू लागले, आणि बाबा गप्प राहिले. मीही गप्प राहिले. तुला चर्चमध्ये लोक कोपर लावत राहिले आणि मी इथून नाताळची कार्डं पाठवत राहिले. त्यानंतर मी कधी कुठलंच चाक धरलं नाही. सगळीकडे बसने जाते.

लोभ असावा असं लिहायची माझी लायकी नाही.
आर्डिस

एल्क प्रेअरी
२७ जुलै १९९७

आर्डिस,

पत्र सकाळी वाचलं. दुपारपर्यंत तुला माफ केलेलं नव्हतं, अजूनही नाही. मामंजींची कबर मी वीस वेळा साफ केली असेल, आता तिथे जाववत नाही. त्यांनी जिवंत मुलगी राखली आणि मेलेल्या मुलाची किंमत दिली. ती किंमत मोजली मी.

हॅरल्ड ब्रुन्सला मी हे पत्र दाखवणार नाही. तू ये आणि तोंडाने सांग. ठोकळे तुझ्या मापाचे आहेत. क्लोस्टरमन म्हणतो, मी त्या रुळांवरून पुन्हा नेणार नाही. ट्रक तू चालवायचास, मी ऑर्लिनच्या जागी बसेन, आणि मिरवणूक ठरल्या रस्त्याने जाईल.

मांजर शेजारणीकडे ठेव.
मार्लिस

टकोमा
१३ ऑगस्ट १९९७

ती. मार्लिसवहिनीस,

आर्डिसचा नमस्कार. सुखरूप पोचले. रविवारी सकाळी नाश्त्याला आपण दोघी अंड्यांवर मीठ जास्त की कमी यावर बोललो आणि बाकी काहीच बोललो नाही, म्हणून लिहिते.

पन्नास ट्रकांच्या ओळीत आपला अकरावा. पाय ठोकळ्यांवर ठेवले तेव्हा ते गरम होते, जणू आत्ताच कुणी उतरलंय. तू समोर बघत बसली होतीस. मी बैलाच्या चालीने ट्रक नेला आणि एकही गिअर चुकवला नाही, हे तूही मान्य करशील. कडेला लोक खुर्च्या टाकून आइस्क्रीम खात होते. रूळ आले. वहिनी, माझा पाय सटकला नाही. मी शपथेवर सांगते. तरी हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. गवतातले ते गंजके रूळ खालून थरथरत होते. माझे हात पुन्हा चाकाला चिकटले. तेवढ्यात माझं दार उघडलं आणि तू मला ढकललंस.

मी त्याबद्दल काही म्हणत नाही. एक्केचाळीस वर्षांचा राग होता तो, आणि त्याचा तुला हक्क होता. गवतात पडले ती त्याच जागी. मान वर करून पाहिलं तर तू चाकामागे सरकून ट्रक चालू केला होतास आणि अलगद रुळांपलीकडे नेऊन उभा केला होतास. तुला एवढं छान येतं हे माहीत नव्हतं. माझे पाय पळायला निघाले होते, खरंच सांगते. पण या वेळी मी पळाले नाही. रूळ ओलांडून चालत तुझ्यामागे आले.

पुढचं तू पाहिलंसच. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मी हॅरल्डच्या हातातून माइक घेतला. सगळं सांगितलं. हॅरल्डने टोपी काढली, यादीच्या शेवटी पेन्सिलने लिहिलं आणि वाचलं, ऑर्लिन टोलेफसन. एका नावाला एक भोंगा, पण पन्नासही ट्रक एकदम वाजले. तू रडलीस तेव्हा मला जवळ यायचं होतं. धीर झाला नाही.

खांद्यावर तुझ्या हाताचा वळ अजून काळानिळा आहे. अंगठा आणि चार बोटं, मोजून घे. एक बोट आखूड उठलंय, ते तू मुडपलं असणार. मलम लावते आहे.

जमलं तर लोभ ठेव. नाही जमलं तरी मी लिहीत राहीन.
आर्डिस

एल्क प्रेअरी
१८ ऑगस्ट १९९७

चि. आर्डिस हीस,

वहिनीचे आशीर्वाद, आणि या वेळी तेही रीत म्हणून नाहीत.

मी तुला ढकललं नाही. ट्रक रुळांवर बंद पडला तेव्हा मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता, इतका की एक नख मोडलं. तू माझ्यासमोर बाहेर गेलीस आणि दार लागलं. मी माझ्या जागेवरून तसूभर हलले नाही. मला ट्रक चालवता येत नाही, आर्डिस. मामंजींच्या घरात कुणा बाईला शिकवणार होतं कोण? चाक माझ्या डोळ्यांदेखत फिरत होतं. माझ्या शेजारी सीट दबली होती आणि दुधाचा वास येत होता. पलीकडे गेल्यावर सीट वर आली. मी कुणाला बोलले नाही, तुला सांगायला शब्द शोधत होते.

क्लोस्टरमनचा फोन आला होता. पेडलांवर ठोकळे नाहीत. त्याने काढलेले नाहीत, आणि तो ते शोधायलाही तयार नाही.

तुझ्या पत्रातली आखूड बोटाची ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. डावा हात होता ना? अंगठीचं बोट ना? माझ्याजवळ त्याचा एक शर्टसुद्धा राहिलेला नाही.

गुरुवारच्या बसने निघते आहे, शनिवारी टकोमाला पोचेन. गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत. तोवर खांद्याला मलम लावू नकोस. तो वळ जायच्या आत मला त्यावर हात ठेवायचाय.

तुझी,
मार्लिसवहिनी