यादी जनूची, शाल माझी

मी, विष्णु हैबतराव टिपणीस, वय वर्षे ७६, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. ऑस्करच्या निकालाचा सोमवार सोडला तर मी वर्षभर शुद्धीवर असतो, असे माझी पत्नी अनसूया हिचेही म्हणणे आहे.

कलम १. पेणचे राहते घर व बँकेतील ठेवी माझ्यामागे अनसूयेच्या. तिच्यानंतर मुलगा ध्रुव व मुलगी अंतरा यांना निम्मे निम्मे. ज्याचा ऑस्करचा अंदाज बरोबर येईल त्याला हॉल जास्तीचा द्यावा, अशी सूचना ध्रुवने केली होती. ती मी फेटाळली आहे. घर म्हणजे पोरखेळ नव्हे.

कलम २. रोह्याच्या वडिलोपार्जित जागेतील माझा हिस्सा अंतराला, कारण ती रोह्यातच राहते व दर वर्षी कौले तीच शाकारून घेते. ध्रुवने हरकत घेण्यापूर्वी एकदा तरी त्या छपरावर चढून दाखवावे.

कलम ३. परदेशी सिनेमासिकांचे गठ्ठे व माझे तक्ते रद्दीत घालावेत. कोणत्या संघटनेचे बक्षीस मिळाले की ऑस्कर कोणाकडे जाते, याचे हे तक्ते मी सोळा वर्षे मांडले. त्यातून सर्वोत्तम चित्रपट बरोबर आला तीनदा. जनूचा आला बारा वेळा!

कलम ४. जनू गुणाजी म्हात्रे म्हणजे माझी विद्यार्थिनी प्रतीक्षा हिचे वडील. आधी मिठागरात, मग डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेक्यावर कामाला. मुलीचे मार्क विचारायला आला आणि सोळा वर्षे दर रविवारी माझ्याकडे सिनेमे पाहत राहिला. इंग्रजी येत नाही, म्हणून टीव्हीचा आवाज बंद करायला लावायचा. मी संवादांसाठी तळमळायचो आणि हा फक्त चेहरे बघायचा. शेवटी म्हणायचा, “मास्तर, ही बाय खरी रडतंय. तो बाप्या आरशात बघून रडतोय. त्याला नाय मिळाचा.” आणि त्याला मिळायचा नाही! पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माणसाने हे किती सहन करावे?

सन २०२२ मध्ये येथील एका साप्ताहिकाने माझ्याकडे सहा मुख्य पुरस्कारांचा अंदाज मागितला. मी जनूची यादी जशीच्या तशी उतरवली व खाली माझे नाव घातले. सहाही बरोबर आले. वाचनालयात माझा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळाले. मी पाऊण तास भाषण केले. तक्त्यांवर. जनू तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने टाळ्याही वाजवल्या. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतर कधीच आला नाही. आयत्या बिळावर नागोबा झालो, आणि नागोबालाच चार वर्षे झोप नाही. ती यादी जनूची होती, हे मी येथे कबूल करतो. मला त्याची लाज वाटते.

कलम ५. जनूला टीव्ही द्यावा असे मी लिहिले होते. अनसूया म्हणाली, “टीव्ही देऊन सुटायचंय का तुम्हाला?” ते वाक्य खोडले. शिवाय ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, असे वकील सांगतात. म्हणून जनूला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. साक्षीदार म्हणून तरी तो घरी येईल.

कलम ६ (सहीच्या वेळी हाताने लिहिलेले). जनू आला. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, सही करताना पाहिले की पुरे, असे वकिलांनी सांगितले. मी त्याच भरवशावर होतो. कलम ४ माझ्यामागे कोणीतरी वाचून दाखवील, असा माझा हिशेब होता. जनूने पेन खाली ठेवले.

“आत माजा नाव हाय ना?”

“आहे.”

“मंग वाचा.”

“माझ्यामागे वाचतील रे.”

“तुमी मेल्याव मी कोनाकडं बघू, मास्तर? आता वाचा. माज्याकडं बघून वाचा.”

अनसूयेने मला चष्मा आणून दिला. कलम ४ मी मोठ्याने वाचले. शेवटच्या दोन वाक्यांना दोनदा थांबावे लागले. जनू पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि एवढा मी वर्गात पहिल्या दिवशीही घाबरलो नव्हतो. वाचून झाल्यावर त्याने कागद स्वतःकडे ओढला. मग पेन उचलले.

सदर मृत्युपत्र मी समजून-उमजून केले असून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

ठिकाण : पेण
दिनांक : १ फेब्रुवारी २०२६, रविवार

(सही) विष्णु हैबतराव टिपणीस

साक्षीदार :
१. (सही) ॲड. सुजय राऊत, पेण
२. (सही) जनू गुणाजी म्हात्रे. आदी आयकला. खरा बोलला. मंग सही केली.