ज्योत्स्नाच्या गाडीला पट्टी मारू नये

मी, राजानंद पुंजाजी मगरे, वय अडुसष्ट, धंदा चासी (गाडीचा सांगाडा) वेल्डिंग, राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मार्चमध्ये काढला, त्यामुळे लिहिलेले वाचताही येते. मला कोणी धाक घातलेला नाही. घरात मला धाक घालू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि तिने या कागदात लक्ष घालायचे नाही असे ठरवले आहे.

एक. यापूर्वी दोन हजार तेवीस साली केलेले व दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यातली एक अट चुकीची होती. ती कोणती, हे पुढे येईल.

दोन. राहते घर, बँकेतली व पोस्टातली सर्व शिल्लक माझी पत्नी बेबीनंदा हिला. घराच्या मागच्या भिंतीला ओल येते. ती मी दरवर्षी बघतो म्हणतो आणि बघत नाही. तो दोषही घरासोबत तिच्याकडे जाईल, त्याबद्दल माफी असावी.

तीन. हमरस्त्यावरचे गॅरेज, दोन्ही वेल्डिंग मशीन, मोठा शिकंजा (व्हाइस), जॅक आणि ग्राइंडर मुलगा बुद्धभूषण यास. तो बावीस वर्षे माझ्यासोबत काम करतो आहे आणि त्याचा वेल्डिंगचा टाका माझ्यापेक्षा सरळ पडतो. पाइप वाकवायचे यंत्र शेजारच्या हरिओम टायरवाल्याने दोन हजार अठरामध्ये दोन दिवसांसाठी नेले आहे. ते त्याच्याकडेच राहिले तरी चालेल, पण गिऱ्हाइकासमोर त्याने ते स्वतःचे म्हणून सांगू नये.

चार. माझ्या मागे परित्राण पाठ आणि जलदान विधी साधेपणाने करावा. मांडव नको. भाषणे दोनच, आणि त्यांत कोणी मला शिल्पकार म्हणू नये. मी मिस्तरी होतो.

पाच. आता गाडी. ही अमेरिकी बनावटीची दोन दारांची, आठ सिलिंडरची मसल कार मी विमा कंपनीच्या लिलावात घेतली. डावीकडून ठोकलेली होती. मी आणि मुलगी ज्योत्स्ना, आम्ही दोघांनी ती दीड वर्ष सरळ केली. ज्योत्स्ना संभाजीनगरला कारखान्यात इंजिनिअर आहे, नोकरीवरून दर शनिवारी यायची. तिला ही गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायची आहे. कोणाशी शर्यत लावण्यासाठी नाही. गाडी काय करू शकते ते बघायचे, असे ती म्हणते.

गाडी उभी राहिली तसे आमचे बिनसले. ट्रॅकवर न्यायच्या आधी तळाखाली पुढून मागपर्यंत दोन चौकोनी पाइप वेल्ड करायचे, असे माझे म्हणणे. ती म्हणाली, "पप्पा, ही काय ट्रक हाय का? हिला वेगळी चासीच न्हाई. तळ, खांब, छत, सगळं मिळून एकच पेटी हाय."

"चासी न्हाई तं मंग जास्तच ताकद पाहिजे."

"ताकद कंपनीनं दिलेली हाय. तुम्ही वजन देऊन राह्यले."

बेबीनंदा चहा घेऊन आली होती. म्हणाली, "दोघं बी लोखंडाचे. वाकायचं नाव न्हाई."

मी चिडून मृत्युपत्र केले. त्यात लिहिले की ज्योत्स्नाला गाडी मिळेल, पण बुद्धभूषणने तळाला पाइप मारल्यानंतरच. तिने नक्कल वाचली आणि घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "म्हंजे जिवंत हाय तवर ऐकायचं न्हाई, अन् मेल्यावर बी ऐकायचं न्हाई," म्हणाली. "ठेवा तुमची गाडी." त्यानंतर पावणेदोन वर्षे तिचा फोन आईला येत असे. माझी चौकशी ती आईकडून करायची आणि मी तिची.

सहा. मी एवढा का अडलो, ते इथे लिहून ठेवणे भाग आहे.

एकोणीसशे सत्त्याण्णव साली शिवाजी उढाण याची काळीपिवळी जीप अंबड–घनसावंगी चालत असे. तिच्या चिरलेल्या चासीला मी पट्टी मारली होती, म्हणजे चिरेवर लोखंडाची पट्टी वेल्ड केली होती. महिनाभरात भर रस्त्यात जीप मधोमध बसली आणि खड्ड्यात गेली. शिवाजीचा पाय मोडला. जीपमध्ये माझी सहा वर्षांची ज्योत्स्ना होती, आत्याकडे चालली होती. तिचे गळ्याजवळचे हाड मोडले. शिवाजीने तसल्या पायाने आधी तिला बाहेर काढले.

दवाखान्यातच तो म्हणाला, "मिस्तरी, तुमच्या पट्टीपाशीच तुटली." मी म्हणालो, "अठरा माणसं कोंबल्यावर काय होईल?" माणसे जास्त होती हे खरे. पण ती रोजच जास्त असत. मी सगळ्या बाजारात हेच सांगितले, आणि लोकांनी माझे ऐकले, कारण मी मिस्तरी आणि तो ड्रायव्हर. त्याने जीप विकली. तो अजून लंगडतो. आम्ही बोलणे सोडले.

मनातल्या मनात मात्र मी एक धडा घेतला होता: पट्टी आखूड पडली. तेव्हापासून मी दीडपट लांब आणि दीडपट जाड पट्टी मारत आलो. माझे नावच त्यावर झाले. लेकीच्या गाडीला लोखंड मारायचा हट्ट तिथून आला.

यंदा ऑगस्टमध्ये उसाची एक ट्रॉली चासीला चीर पडून दुरुस्तीला आली. गेल्या वर्षी मीच पट्टी मारलेली. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन होते म्हणून ज्योत्स्ना घरी आली होती. ती गॅरेजमध्ये आली, माझ्याशी न बोलता ट्रॉलीखाली वाकली, आणि खडूने चिरेवर एक रेघ ओढली. मग पट्टीच्या टोकावर दुसरी. दोन्हींत एका बोटाचे अंतर होते.

"पप्पा," ती म्हणाली. पावणेदोन वर्षांनी. "पट्टी जिथं संपली तिथंच कसं तुटलं?"

मी म्हणालो, "पट्टी अजून लांब पाहिजे होती."

"मंग अजून पुढं जाऊन तुटली असती. जिथं पट्टी हाय तिथं लोखंड वाकत न्हाई. सगळं वाकणं टोकाला येऊन जमा होतं."

मला त्या जीपची चीर आठवली. पट्टीपासून एका बोटावरच होती. मी ती तेव्हाही पाहिली होती. नुसती पाहिली होती.

त्या दुपारी मी ताडपत्री काढून गाडी मोकळी केली. माझी एक जुनी परीक्षा आहे. एका कोपऱ्याला जॅक लावून चाक अधांतरी करायचे आणि दार लावून बघायचे. बॉडी पिळत असेल तर दार अडते. आधी अंगणातल्या आमच्या जुन्या व्हॅनवर करून पाहिले. दाराला खांदा द्यावा लागला. मग या गाडीवर. दार दोन बोटांनी लागले, आवाजही तोच. दुसऱ्या कोपऱ्याला जॅक लावला. पुन्हा तेच. ज्योत्स्नाने पुढे-मागे कोन दाखवणारा मीटर ठेवून पीळ मोजला, मला आकडा दाखवला. मला चष्मा लावूनही तो मोठा दिसला नाही.

"झालं का समाधान?" मी विचारले.

"न्हाई," ती म्हणाली. "ट्रॅकवर भार याच्याहून जास्त येतो. पण तिथं पहिले ब्रेक दमतात, मंग टायर, मंग इंजिन तापतं, अन् सगळ्यात आधी चालवणारा चुकतो. बॉडीचा नंबर लई मागं हाय." आपण केलेली दुरुस्ती बरोबर आहे का, याची शंका तिलाही होती. ती तिने नंतर गाडी मोजणीच्या मशीनवर नेऊन फेडली. सगळे बिंदू दोन मिलिमीटरच्या आत आहेत.

म्हणून माझे मत असे नोंदवतो. अशा नव्या बनावटीच्या गाडीला, सांगाडा सरळ असेल तर, ट्रॅकवर चालवण्यासाठी पट्टी-पाइप मारण्याची गरज नाही. आधी चांगले ब्रेक पॅड, ताजे ब्रेक ऑइल, टायर, शॉकअप, आणि शिकवणारा माणूस. पुढे कधी खरी शर्यत लावायची झाली तर आत पाइपांचा पिंजरा बसवावा, तो डोके वाचवण्यासाठी. जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी बुद्धभूषणने पट्टी मारावी, पण तिची टोके तिरपी कापावीत आणि कडेला आडवा टाका मारू नये.

सप्टेंबरात मी घनसावंगीला गेलो. शिवाजीचे बसस्टँडसमोर चहाचे हॉटेल आहे. त्याने मला पाहिले आणि गाळणी हातातच धरून म्हणाला, "मिस्तरी, वडीगोद्रीहून इथं यायला अठ्ठावीस वर्षं लागले? तुमची एसटी लईच लेट हाय."

मी सगळे सांगितले. पट्टी माझी, चूक माझी, खोटे माझे. त्याने विचारले, "पोरगी कशी हाय?" आणि चहा दिला.

गॅरेजशेजारचा रस्त्याकडचा गाळा त्याच्या नावाने लिहायचे आणि साक्षीदार म्हणून सहीही त्याचीच घ्यायचे मी ठरवले होते. बुद्धभूषणची हरकत नव्हती. पण मसुदा तपासणाऱ्या गंधाली वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, पुढे त्यावर वाद निघतो. मी दोन्ही गोष्टी शिवाजीसमोर ठेवल्या. तो म्हणाला, "गाळा घेऊन काय करू? मला हे सगळं तुमच्या अक्षरात पाहिजे, अन् त्याच्याखाली माझी सही पाहिजे." त्यामुळे गाळा बुद्धभूषणकडे राहील. या कलमाची नक्कल गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर लावावी, माझ्या मृत्यूची वाट न पाहता.

सात. जुन्या मृत्युपत्रातली पाइप मारण्याची अट रद्द. नव्या कागदात गाडी ज्योत्स्नाला विनाअट द्यावी, असा मसुदा होता. काल रात्री तो पुन्हा वाचला आणि ते कलम खोडले. लेकीवर भरवसा ठेवायला मी मरायची गरज नाही. आज सकाळी अंबडला येण्याआधी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या आरटीओच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सह्या करून किल्ली तिच्या हातात दिली. तिने फॉर्म दोनदा वाचले, अट कुठे लपवली आहे का ते बघायला. नव्हती. "पप्पा, चला मंग चेन्नईला," म्हणाली.

सबब ही गाडी आता माझ्या मालमत्तेत नाही आणि तिच्याबद्दल या मृत्युपत्रात लिहिण्यासारखे काही उरलेले नाही. जानेवारीत चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ती पहिल्यांदा धावेल. माझे रेल्वेचे तिकीट ज्योत्स्नाने काढले आहे, जायचे आणि यायचेही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्यांनी माझ्या समक्ष केली.

सही: राजानंद पुंजाजी मगरे

साक्षीदार:
१. शिवाजी बापूराव उढाण, हॉटेल व्यवसाय, घनसावंगी. (वाचून घेतले. बराबर आहे.)
२. संध्या भीमराव खरात, शिक्षिका, वडीगोद्री.

ठिकाण: अंबड, जिल्हा जालना
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५